गोळी नाही, सुई नाही, तरीही डोपिंग

पॅरालिम्पिकमध्ये व्हीलचेअर शर्यतीपूर्वी किंवा व्हीलचेअर रग्बीच्या सामन्यापूर्वी खेळाडूंना एका खोलीत हजेरी द्यावी लागते. तिथे कधीकधी रक्तदाब मोजायचे साधे यंत्र घेऊन डॉक्टर बसलेले असतात. ते रक्त काढत नाहीत, लघवीचा नमुना मागत नाहीत, फक्त दंडाला पट्टा गुंडाळतात. वरचा आकडा १६० किंवा त्याहून जास्त आला, तर सुमारे दहा मिनिटांनी पुन्हा मोजतात. तेव्हाही तो उतरलेला नसेल, तर त्या खेळाडूला त्या लढतीत उतरता येत नाही.

ही तपासणी ज्या प्रकारासाठी आहे त्याला ‘बूस्टिंग’ म्हणतात. उत्तेजकांच्या साऱ्या इतिहासात इतका विलक्षण प्रकार दुसरा नसावा, कारण यात बाहेरून काहीच घेतले जात नाही. खेळाडूचे शरीरच स्वतःसाठी उत्तेजक तयार करते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी पाठीच्या कण्याकडे पाहावे लागते. हृदयाचे ठोके वाढवणाऱ्या आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा मज्जारज्जूतून छातीच्या आणि कमरेच्या वरच्या भागात बाहेर पडतात. मानेत मज्जारज्जूला इजा झाली, की मेंदूचा या नसांवरचा ताबा सुटतो. धडधाकट धावपटूचे ठोके शर्यतीत मिनिटाला १८०-१९० पर्यंत सहज जातात. मानेत इजा झालेल्या खेळाडूचे मात्र कितीही जोर लावला तरी बहुधा १२०-१३० च्या आसपास अडकतात. एरवीचा रक्तदाबही कमीच असतो. हात चालवायची इच्छा आहे, स्नायूही आहेत, पण त्यांना पुरेसे रक्त पोहोचवणारी यंत्रणा मंद पडलेली असते.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर आणखी एक गोष्ट घडू शकते. मूत्राशय तुडुंब भरले, पायाला पट्टा घट्ट बसला किंवा बोटाचे हाड मोडले, तर त्याची वेदना मेंदूपर्यंत पोहोचत नाही. मज्जारज्जूचा इजेखालचा भाग मात्र त्या इशाऱ्याला आपल्या परीने उत्तर देतो. रक्तवाहिन्या एकदम आकसतात आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. मेंदूला हा चढलेला दाब कळतो, पण ‘थांब’ हा त्याचा निरोप तुटलेल्या जागेच्या खाली जात नाही. डोके ठणकू लागते, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो. वैद्यकशास्त्रात याला ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया’ म्हणतात आणि तो तातडीने उपचार करण्याचा प्रसंग मानला जातो.

काही खेळाडू हा प्रसंग मुद्दाम ओढवून घेऊ लागले. कोणी लघवीची नळी चिमट्याने बंद करून ठेवी, कोणी पाय करकचून आवळी. बोट मोडून घेतल्याचेही सांगितले गेले आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा अवस्थेतल्या अव्वल खेळाडूंनी ७.५ किलोमीटरची प्रयोगशाळेतली व्हीलचेअर शर्यत जवळपास दहा टक्के कमी वेळात पुरी केली. जिथे पदके सेकंदाच्या अंशांवर ठरतात, तिथे दहा टक्के म्हणजे काय हे सांगायला नको. मेंदूतला रक्तस्राव, डोळ्याच्या पडद्यातला रक्तस्राव, झटके आणि मृत्यू हे याचे धोके आहेत. तरीही २००८ च्या बीजिंग पॅरालिम्पिकच्या सुमारास झालेल्या एका पाहणीत उत्तर देणाऱ्या दर सहा खेळाडूंपैकी सुमारे एकाने हे केल्याचे मान्य केले.

हा प्रतिक्षिप्त प्रकार सविस्तर मांडणाऱ्यांपैकी एक होते डॉ. लुडविग गुटमन. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल रुग्णालयात मज्जारज्जूच्या इजेचे रुग्ण सांभाळताना, मूत्राशय फुगले की त्यांचा रक्तदाब कसा उसळतो याचा शोधनिबंध त्यांनी सहसंशोधक व्हिटरिज यांच्यासह १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्‌घाटनाच्या दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा रुग्णांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. पॅरालिम्पिकची सुरुवात तिथूनच मानतात. म्हणजे हा खेळ आणि त्यातली सर्वांत विचित्र लबाडी, दोहोंचे मूळ एकाच डॉक्टरच्या वॉर्डात सापडते!

आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने बूस्टिंगवर १९९४ पासून बंदी घातली आहे. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत मात्र ते नाही; ती बंदी समितीच्या स्वतःच्या नियमांतली आहे. या नियमाचा काटेकोरपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. दाब मुद्दाम चढवला की आपोआप चढला, हे मैदानात उतरण्यापुरते विचारलेच जात नाही. आपोआप चढला असला तरी खेळाडूला बाहेर बसावे लागते. मुद्दाम चढवल्याचे दिसले तर पुढची चौकशी वेगळी. जो भाग जाणवतच नाही, त्यावरही लक्ष ठेवणे खेळाडूकडे येते: नळी पिळवटली आहे का, पट्टा रुतला आहे का, हे त्याने हाताने चाचपून पाहायचे.

औषधांच्या बाबतीतही हेच तत्त्व आहे. शरीरात निषिद्ध पदार्थ सापडला, की तो तिथे कसा आला याची जबाबदारी खेळाडूची. डॉक्टरांनी लिहून दिला होता एवढे म्हणून सुटका होत नाही. अपंग खेळाडूला याचा जाच अधिक, कारण औषधे त्याच्या रोजच्या जगण्याचा भाग असतात. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध झाले, आणि स्पर्धाकाळ एरवी आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनीच सुरू होतो. मधुमेहींचे इन्सुलिन कायमच निषिद्ध. रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकर गोळ्या बहुतेक खेळांत चालतात, पण हात स्थिर ठेवत असल्याने नेमबाजी आणि तिरंदाजीत चालत नाहीत. खरी गरज असेल तर उपचारासाठी सूट मिळते. त्यासाठी वैद्यकीय कागदपत्रांसह अर्ज करावा लागतो आणि डॉक्टरांची समिती निर्णय देते. यादी दरवर्षी बदलते, म्हणून गेल्या वर्षी चाललेली गोळी यंदा चालेलच असे नाही.

नमुना देण्याचे नियम मात्र जाणीवपूर्वक वाकवले आहेत. लघवीची पिशवी वापरणाऱ्याने आधी साठलेली लघवी टाकून द्यायची, शक्य तिथे नवी नळी-पिशवी लावायची आणि मग ताजा नमुना द्यायचा. अंध खेळाडूसोबत प्रतिनिधी आत जाऊ शकतो. त्याने नजर ठेवायची ती तपासनिसावर. खेळाडूने स्वतः सांगितल्याशिवाय खेळाडूकडे पाहायचे नाही.

ठावठिकाण्याच्या नियमात अशी सवलत नाही. नोंदणीकृत यादीतल्या खेळाडूने रोजचा एक तास आणि जागा आधी कळवायची, त्या वेळी तिथे हजर राहायचे; बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की नियमभंग. टोकियोत पॅरा-बॅडमिंटनचे सुवर्ण जिंकणारे ओडिशाचे प्रमोद भगत याच नियमात अडकले. त्यांच्या शरीरात कोणताही पदार्थ सापडल्याचा तो आरोप नव्हता. क्रीडा लवादाने १ मार्च २०२४ रोजी त्यांना दोषी धरले, जुलैअखेरीस अपील फेटाळले, आणि अठरा महिन्यांच्या बंदीमुळे त्यांना पॅरिसमध्ये आपले सुवर्ण राखण्यासाठी उतरताच आले नाही.