मधला लघुपट

शनिवारी रात्रीच्या जेवणानंतर आमच्या हाऊसला चित्रपट पाहण्यासाठी एक तास मिळतो. मागच्या सत्रात कार्यक्रम ठरवण्याची जबाबदारी माझ्यावर होती. एका शनिवारी मी तीन लघुपट निवडले : उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी', नागराज मंजुळे यांचा 'पावसाचा निबंध' आणि सत्यजित राय यांचा 'टू'. त्या दिवशी रोल कॉल लांबला आणि वीस मिनिटे गेली. फारसा विचार न करता मी मधला लघुपट गाळला. तो सुचवणारा सातवीतला ज्युनिअर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, निबंधवाला नाही लावणार?" मी म्हणालो, "अरे, छोटी तर फिल्म आहे. पुढच्या वेळी लावू." सत्र संपले, पण ती पुढची वेळ काही आली नाही.

माझे ते उत्तर किती चुकीचे होते, हे मला दिवाळीच्या सुट्टीत कळले. बाबांची बदली सध्या कोलकात्याला आहे. एका संध्याकाळी आम्ही एस्प्लनेडला गेलो. या भागाला तिथले लोक धर्मतला म्हणतात. चौरंगी रस्त्यावर १९३५ साली उघडलेल्या मेट्रो सिनेमाची इमारत आहे आणि रस्त्यापलीकडे भलेमोठे मैदान पसरले आहे. त्या मैदानाकडे बोट दाखवून बाबा म्हणाले, "थिएटरं नंतर आली. आधी इथे तंबूत सिनेमा दाखवायचे."

घरी आल्यावर मी याबद्दल वाचले. जमशेदजी फ्रामजी मदन यांनी १९०२ साली या मैदानावर तंबूत बायोस्कोपचे खेळ सुरू केले. तेव्हाच्या फिल्म काही मिनिटांच्याच असत, म्हणून एका खेळात अनेक फिल्म एकामागून एक दाखवत. त्याआधी ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा खेळ झाला, त्यातही सहा छोट्या फिल्म होत्या. म्हणजे सिनेमा आपल्या देशात आला तोच लघुपटांचा संग्रह होऊन. अडीच-तीन तासांचा चित्रपट त्याच्या पुष्कळ नंतरचा आहे. लघुपट ही मोठ्या चित्रपटाची रंगीत तालीम नव्हे.

मग लघुपट म्हणजे नेमके काय? ऑस्कर पुरस्कारांच्या नियमानुसार श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंतची फिल्म लघुपट ठरते. पण लांबी हा झाला नियम. खरा फरक कादंबरीचे एक प्रकरण आणि लघुकथा यांच्यात असतो तसा आहे. लघुपटाला ओळखी करून द्यायला वेळ नसतो, म्हणून तिथे वस्तू आणि आवाजच बोलतात. 'गिरणी'मध्ये आई घरात पिठाची गिरणी आणते आणि तिच्या आवाजात मुलाचे जुने घर हरवून जाते. १९६४ च्या 'टू'मध्ये तर एकही संवाद नाही. एक श्रीमंत मुलगा खिडकीच्या आत आहे आणि एक गरीब मुलगा बाहेर. बाहेरच्याने बासरी वाजवली की आतला त्याहून मोठ्या आवाजाचे खेळणे काढतो. बाहेरच्याने पतंग उडवला की आतला छर्‍याची बंदूक रोखतो. शेवटी बासरी पुन्हा ऐकू येते. शस्त्र ज्याच्याकडे आहे तोच जिंकला का, हा प्रश्न आम्हा कॅडेट्सना तरी विचारात पाडणारा आहे.

आता संग्रहाकडे येऊ. २०१५ च्या मराठी 'बायोस्कोप'मध्ये चार दिग्दर्शकांचे चार लघुपट आहेत आणि प्रत्येक लघुपट कवितेवर आधारलेला आहे. कविता हा तिथला धागा. सत्यजित राय यांचा 'तीन कन्या' हा दुसर्‍या प्रकारचा संग्रह. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये, त्यांच्या तीन कथांवर एकाच दिग्दर्शकाने तो केला. एस्प्लनेडहून आलो त्याच रात्री मी तो पाहिला.

पहिली कथा 'पोस्टमास्टर'. शहरातून खेड्यात आलेला पोस्टमास्टर अनाथ रतनला लिहायला-वाचायला शिकवतो, पण आजारानंतर कंटाळून परत निघतो. जाताना तो पैसे पुढे करतो, पण रतन पाण्याची बादली घेऊन त्याच्या शेजारून निघून जाते. दुसरी 'मणिहारा' ही भुताची गोष्ट आहे. तिच्यातली मणिमालिका मेल्यानंतरही दागिन्यासाठी परत येते. तिसर्‍या 'समाप्ती'तली अल्लड मृण्मयी लग्नाच्या रात्री झाडावरून उतरून झोका खेळायला पळते. ही भूमिका करताना अपर्णा सेन जेमतेम माझ्या वयाच्या होत्या.

हा चित्रपट परदेशात गेला तेव्हा 'मणिहारा' गाळण्यात आली आणि नाव झाले 'टू डॉटर्स'. हे वाचले आणि मला माझा शनिवार आठवला. मीही मधलाच लघुपट काढला होता!

म्हणून मी एक प्रयोग केला. दुसर्‍या दिवशी मधली कथा वगळून पुन्हा पाहिले. रतन निघून गेली आणि लगेच मृण्मयीची धमाल सुरू झाली. दहा मिनिटांत मी रतनला विसरलो होतो. मणिमालिका मध्ये असताना तसे झाले नव्हते. एक मुलगी पुढे केलेले पैसे घेत नाही आणि दुसरी मरणानंतरही दागिना सोडत नाही. दोघी शेजारी आल्या की रतनचा नकार अधिक मोठा वाटतो. 'मणिहारा' मला तिन्हींत सर्वांत कमी आवडली होती, तरी तिच्यावाचून बाकीच्या दोघी हलक्या झाल्या.

संग्रह पाहताना मी आता तीन गोष्टी करतो. क्रम बदलत नाही. एक लघुपट संपला की दोन मिनिटे थांबतो, लगेच पुढचा लावत नाही. आणि न आवडलेल्या लघुपटाबद्दल स्वतःला विचारतो, की हा इथेच का ठेवला असेल?

या सत्राच्या पहिल्या शनिवारी मी दोनच लघुपट ठेवले, म्हणजे घाई करावी लागणार नव्हती. आधी 'टू' आणि मग 'पावसाचा निबंध'. तो ज्युनिअर आता दुसर्‍या हाऊसमध्ये आहे. हाऊसमास्टर सरांची परवानगी घेऊन मी त्याला बोलावले. तो पुढच्या रांगेत बसला. पडद्यावर शाळेसाठी पावसावर निबंध लिहायचा असलेला मुलगा होता आणि त्याच्याच घराचे छप्पर गळत होते. फिल्म संपल्यावर मी दिवे लगेच लावले नाहीत. अंधारात तो हळूच म्हणाला, "सर, आमच्याकडे पण असंच गळतं."

मागच्या सत्रात वीस मिनिटे वाचवण्यासाठी मी नेमके काय गाळले होते, ते मला तेव्हा कळले.