जर्नलात अडकलेली तापी

मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते. तापी मुलताईहून सातपुड्याच्या कडेकडेने येते. पूर्णेचा उगमही सातपुड्यातच, पण ती अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यातून वाट काढत खानदेशात उतरते. संगमाच्या खाली हतनूरच्या धरणात दोघींचे पाणी एकत्र साठते आणि भुसावळ शहराचा व दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राचा गाडा त्यावर चालतो. या पाण्यात कोणत्या नदीने किती क्षार आणले, पावसाळ्यानंतर हे प्रमाण किती उतरते, मे महिन्यात किती चढते आणि नदीकाठच्या विहिरींचे पाणी नदीशी किती जुळते, हे प्रश्न रसायनशास्त्राच्या दृष्टीने अवघड नाहीत. त्यांची उत्तरे काढायला लागणारी बहुतेक साधने जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आधीपासून मांडून ठेवलेली आहेत. पाण्याचा जडपणा काढण्याचा प्रयोग दरवर्षी होतो, आकडा जर्नलात उतरतो, त्याखाली सही होते, तोंडी परीक्षा होते आणि जर्नल माळ्यावर किंवा रद्दीत जाते. खानदेशातल्या रसायनशास्त्र विभागांनी हा आकडा जर्नलातून बाहेर काढावा आणि आपल्या भागातील पाण्याची एक सामायिक, कायमची नोंदवही सुरू करावी, असे या लेखाचे म्हणणे आहे. चर्चासत्रे, सहली, स्पर्धा आपापल्या जागी होत राहाव्यात, पण विभागाच्या वर्षाचा कणा ही वही असावी.

पाणीच का, याला कारण आहे. जळगाव जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या बसाल्ट खडकावर बसला आहे आणि तापीच्या दोन्ही काठांना गाळाचा जाड थर साचलेली जमीन आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेत खाली जाते. हेच ते जड पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो आणि ते तापवले की बायकार्बोनेटचे विघटन होऊन भांड्याच्या बुडाला कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावाला हा थर नवा नाही. वाफेच्या इंजिनांच्या काळात बॉयलरच्या नळ्यांवर बसणारी पुटे ही रेल्वेची नेहमीची डोकेदुखी होती आणि भारतीय रेल्वेत केमिस्ट अँड मेटलर्जिस्टच्या प्रयोगशाळा आजही आहेत. वीज केंद्रात तर याहून काटेकोर काम चालते. उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये सोडायचे पाणी आयन-विनिमय रेझिनमधून नेऊन क्षारमुक्त करावे लागते, कारण त्यातली लेशमात्र सिलिकाही वाफेबरोबर उडून टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन बसते. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात प्रश्नाचे रूप वेगळे. तिथे पाणीपातळी खोल गेली आहे आणि ठिबकमधून युरियासह खते दिली जातात. युरियाचे जमिनीत शेवटी नायट्रेट होते. काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, नायट्रेटवरही ऋण, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही आणि पिकाने न उचललेला भाग पाण्याबरोबर खाली झिरपतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात सवलत नाही. म्हणजे रेल्वे, वीज, केळी आणि घरातला माठ या चारही गोष्टी एकाच रसायनशास्त्राशी येऊन भिडतात.

आता प्रयोगशाळेत काय घडते ते जवळून पाहू. ५० मिलिलिटर पाणी कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचे, अमोनियाचे बफर घालून पीएच १० वर आणायचा, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी टाकायचे. पाणी गडद वाइनसारखे लाल होते. ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए थेंबाथेंबाने सोडले की ते आधी मोकळे कॅल्शियम, मग मॅग्नेशियम पकडतो आणि शेवटी रंगद्रव्याला बिलगलेले मॅग्नेशियमही ओढून घेतो. त्या क्षणी लाल रंगातली जांभळट छटा जाऊन स्वच्छ निळा रंग येतो. ब्युरेटचे रीडिंग २० मिलिलिटर आले, तर जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत लिटरमागे ४०० मिलिग्रॅम. मानकाची स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे आणि पर्यायी स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. स्वित्झर्लंडमध्ये गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी १९४० च्या दशकात रुजवलेली ही पद्धत आज बी. एस्सी.चा विद्यार्थी तासाभरात पार पाडतो. तीन रीडिंग घ्यायची, ‘सी. बी. आर.’ म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग लिहायचे. मात्र इथेच मेख आहे. नमुना सरांनी बनवलेला असतो, उत्तर मागच्या बॅचच्या जर्नलात असते, म्हणून तिसरे रीडिंग दुसऱ्याशी ‘जुळवण्याचा’ मोह होतो. जे आधीच ठाऊक आहे ते पुन्हा काढायला सांगितले की प्रामाणिकपणा ही निव्वळ नैतिक अपेक्षा उरते. वेल्हाळ्याजवळच्या विहिरीचे किंवा रावेरच्या बोअरचे पाणी समोर आले की जुळवायला उत्तरच नसते. शेजारच्या टेबलावरचा गट तोच नमुना वेगळा तपासतो आहे आणि दोन्ही आकडे वहीत जाणार आहेत, एवढ्यानेही हात आपोआप सावध होतो.

या कामासाठी वेगळी चौकट उभारायची गरज नाही. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० ची. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात, म्हणजे तापीचे महाराष्ट्रातले जवळपास सारे पात्र. विद्यापीठात रसायनशास्त्राची स्वतंत्र प्रशाळा आहे, रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे आणि भुसावळपासून शहाद्यापर्यंत संलग्न विज्ञान महाविद्यालये आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन पद्धती, ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक मिळतात. वर्षाचा क्रमही सोयीचा आहे. मेअखेर पाण्याची पातळी सर्वांत खाली असते तेव्हा पहिली फेरी, ऑगस्टमध्ये नवे वर्ग स्थिरावल्यावर दुसरी, दिवाळीच्या आसपास सत्र परीक्षा संपल्यावर तिसरी आणि जानेवारीत, केळीच्या बागांना भरपूर पाणी-खत सुरू असताना, चौथी. ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धेचे दिवस हिवाळ्यात येतात, २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या दिवशी रांगोळी आणि प्रश्नमंजूषेच्या जोडीला वर्षभराचे आकडे गावासमोर मांडता येतील. सुरुवात लहानच असावी. बारा ठिकाणे, चार फेऱ्या, म्हणजे वर्षाला ४८ नमुने. एका मध्यम आकाराच्या पदव्युत्तर वर्गाला हे ओझे नाही.

एका वर्षाच्या आकड्यांना फारशी किंमत नसते, ती साखळीला असते. चार्ल्स डेव्हिड कीलिंग या रसायनशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ इथे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा तो दहा लाखांत सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. पहिल्या वर्षीच्या आकड्यांनी काहीच सिद्ध झाले नसते. हवामानबदलाचा सर्वांत बोलका पुरावा तयार झाला तो एकाच जागी, एकाच पद्धतीने, न कंटाळता मोजत राहण्याने. इंग्लंडमध्ये रोथमस्टेड इथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये गव्हाच्या एका शेतावर सुरू केलेला खतांचा प्रयोग अजून चालू आहे. तिथे जपून ठेवलेल्या माती-धान्याच्या जुन्या नमुन्यांतून त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नसलेल्या प्रदूषकांचा माग पुढच्या पिढ्यांना काढता आला. दोन्ही ठिकाणची उपकरणे काळानुसार बदलली, पण जुन्या पद्धतीचा आकडा नव्याशी कसा जोडायचा याची नोंद तुटू दिली गेली नाही. आपल्याकडे नेमके हेच तुटते. दरवर्षी नवा प्रकल्प, नवे शीर्षक, नवे गाव. मग पाच वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या पाण्याची तुलना करायला हातात काहीच नसते.

पहिला आक्षेप ठरलेला आहे: विद्यार्थ्यांनी काढलेल्या आकड्यांवर विश्वास कोण ठेवणार? शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर रसायनशास्त्राने स्वतःच देऊन ठेवले आहे. पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असते. त्यातल्या धन आयनांचा एकूण प्रभार ऋण आयनांच्या एकूण प्रभाराएवढाच असला पाहिजे. लिटरमागे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम म्हणजे ४ मिलिइक्विव्हॅलंट, ७१ मिलिग्रॅम क्लोराइड म्हणजे २. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम एका बाजूला आणि बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट दुसऱ्या बाजूला मांडून बेरीज करायची. फरक पाच टक्क्यांहून अधिक निघाला तर कुठेतरी चूक आहे, नमुना पुन्हा तपासायचा. आठ वेगवेगळी मोजमापे, वेगवेगळ्या हातांनी केलेली, आणि तरी हिशेब जुळला, तर तो योगायोग मानणे कठीण जाते. जोडीला प्रत्येक खेपेला एक ब्लँक, एक प्रमाणित द्रावण आणि नाव झाकलेला एक नमुना असावा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, तोंडापर्यंत भरायची, पीएच आणि तापमान जागेवरच घ्यायचे, नायट्रेटचा नमुना बर्फात आणून लगेच तपासायचा. एवढी शिस्त पाळली तर महाविद्यालयाचा आकडा कमअस्सल ठरण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप असा की हे काम सरकारी यंत्रणा करतच आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींवर लक्ष ठेवते, प्रदूषण नियंत्रण मंडळ तापीचे नमुने घेते. या नोंदी मोलाच्या आहेत. मात्र त्यांच्या जागा राज्याच्या गरजेनुसार ठरलेल्या असतात. दोन निरीक्षण विहिरींच्या मधली गावे, वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याजवळचे शेत किंवा एकाच शिवारातली उथळ विहीर आणि खोल बोअर यांच्यातला फरक हा तपशील स्थानिक महाविद्यालयच टिपू शकते. शिवाय स्वतंत्रपणे काढलेला दुसरा आकडा सरकारी आकड्याला बळच देतो आणि दोघांत तफावत आली तर नेमके कुठे पाहायचे ते कळते. याच आक्षेपाचे विद्वान रूप म्हणजे ‘ही तर नेहमीची तपासणी, यात संशोधन कुठे?’ कीलिंग यांनाही निधी देणाऱ्यांकडून हेच ऐकावे लागले होते. पैसा आटल्यामुळे १९६४ मध्ये त्यांच्या मौना लोआच्या नोंदीत काही महिन्यांची पोकळी पडली आणि ती आता कोणत्याही उपकरणाने भरून निघणार नाही. नोंद नेहमीची असते, तिच्यातून उठणारे प्रश्न नेहमीचे नसतात. पहिल्या पावसानंतर नायट्रेट वाढते की विरळ होते? पूर्णेचे सोडियम हतनूरच्या खाली कुठपर्यंत ओळखू येते? यांतल्या प्रत्येक प्रश्नावर शोधनिबंध होऊ शकतो, फक्त आधी पाच-सात वर्षांची वही हवी.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण तो परिस्थितीतून येतो. अनेक ठिकाणी प्राध्यापकांच्या जागा रिक्त आहेत, तासिका तत्त्वावरचा शिक्षक पुढच्या वर्षी असेल की नाही याची खात्री नसते, सिल्व्हर नायट्रेट महाग आहे आणि मुलांचे डोळे नेट, सेट, गेटकडे किंवा अंकलेश्वर, वापीच्या कारखान्यांतल्या नोकरीकडे लागलेले असतात. ही अडचण खरी आहे आणि एखादी वही तिच्यावर उतारा नाही. रिक्त जागा भरल्याच पाहिजेत. मात्र शिक्षक बदलतात, म्हणून तर लेखी पद्धत आणि सलग वही जास्त लागते, म्हणजे येणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. नोकरीचे म्हणाल, तर औषध कारखान्यातला क्वालिटी कंट्रोल विभाग नेमके हेच मागतो: उपकरणाचे कॅलिब्रेशन, तारीख-वेळेसह नोंद, खाडाखोड न करता एका रेघेने चूक कापून शेजारी सही, आणि नापास नमुन्याची कारणमीमांसा. मुलाखतीत ‘तुम्ही काय केले आहे?’ या प्रश्नाला एका ओढ्याची तीन ऋतूंतली नोंद हे उत्तर छापील प्रयोगांच्या यादीपेक्षा नक्कीच वजनदार ठरेल. आणि खर्चाच्या बाबतीत, ईडीटीए हे प्रयोगशाळेतल्या स्वस्त रसायनांपैकी एक आहे.

मर्यादाही स्पष्ट असाव्यात. टायट्रेशनला जिवाणू दिसत नाहीत, शिसे किंवा आर्सेनिकसाठी महागडी उपकरणे लागतात, त्यामुळे जडपणाचा आकडा चांगला आला म्हणून पाणी पिण्यायोग्य आहे असा दाखला विभागाने देऊ नये. नायट्रेट मर्यादेबाहेर आले तर ग्रामपंचायत आणि आरोग्य केंद्राला कळवून अधिकृत तपासणी मागावी. पुढची पायरी म्हणून एका संलग्न महाविद्यालयाने दर वर्षी दुसऱ्याचे काही नमुने उलटतपासणीला घ्यावेत आणि सर्व आकडे विद्यापीठाच्या प्रशाळेने एकाच तक्त्यात, सर्वांना पाहता येतील असे ठेवावेत.

यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही, विभागाच्या एका बैठकीत ठरू शकते. येत्या विज्ञान दिनाला बाहेरचा वक्ता शोधण्याआधी खानदेशातल्या रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांनी आपल्या परिसरातली बारा ठिकाणे नकाशावर टिपावीत, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात आणि जाड पुठ्ठ्याची एक वही आणावी. वहीच्या पहिल्या पानावर तारीख, ठिकाण, पीएच आणि जडपणा एवढे लिहिले गेले तरी या वर्षापुरते पुष्कळ झाले.