‘ईस्ट की वेस्ट?’ : मदतीच्या फोनमागचे मिनिटांचे गणित

अंधेरी स्थानकाबाहेर रिक्षात बसणाऱ्याला आधी एकच प्रश्न विचारला जातो: ‘ईस्ट की वेस्ट?’ मदतीसाठी ११२ क्रमांक फिरवणाऱ्यालाही याच प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी द्यावे लागते. रिक्षावाल्याला चुकीचे उत्तर दिले तर फार तर भाडे वाढते. मदतीच्या फोनवर चूक झाली, तर पोलिसांची गाडी रेल्वे रुळांच्या पलीकडे उभी राहते आणि मधली मिनिटे जखमी माणसाच्या शरीरातून वजा होत जातात.

पोलिसांची गाडी किती लवकर पोहोचली, हा प्रश्न एरवी कायदा-सुव्यवस्थेच्या बातम्यांत चर्चिला जातो. पण तो आरोग्याचाही प्रश्न आहे. हृदय अचानक बंद पडले, तर मेंदूला होणारी इजा चार ते सहा मिनिटांत सुरू होते. छाती दाबून दिला जाणारा प्रथमोपचार, म्हणजे सीपीआर, किंवा विजेचा झटका मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. मोठी रक्तवाहिनी कापली गेली असेल, तर काही मिनिटांचा रक्तस्रावही जिवावर बेततो. अपघात असो, मारहाण असो वा घरातला हिंसाचार, अनेकदा रुग्णवाहिकेच्या आधी पोलीसच घटनास्थळी पोहोचतात.

साकीनाक्याची ती पहाट

सप्टेंबर २०२१ मध्ये साकीनाक्याच्या खैरानी रोडवर एका महिलेवर अमानुष अत्याचार झाला. मध्यरात्र उलटून गेल्यावर परिसरातल्या एका सुरक्षारक्षकाने पोलीस नियंत्रण कक्षाला फोन केला. तत्कालीन पोलीस आयुक्त हेमंत नगराळे यांनी दिलेल्या माहितीनुसार पोलीस दहा मिनिटांत तेथे पोहोचले. ती महिला एका टेम्पोत होती. तिला दुसऱ्या गाडीत हलवण्यात वेळ जाऊ नये, म्हणून पोलिसांनी तोच टेम्पो चालवत घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय गाठले. दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला.

या घटनेतून दोन गोष्टी दिसतात. साखळीची पहिली कडी म्हणजे फोन करणारा माणूस, आणि तो त्या रात्री जागा होता. दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे: मदत लवकर पोहोचूनही प्रत्येक जीव वाचत नाही. तंत्रज्ञान मधली मिनिटे कमी करू शकते. फोन येण्याआधी गेलेली मिनिटे त्याला परत आणता येत नाहीत.

शंभरपासून एकशे बारापर्यंत

पोलिसांना १००, अग्निशमन दलाला १०१, रुग्णवाहिकेला १०८ अशी क्रमांकांची यादी आपल्याकडे पाठ केली जात असे. संकटात सापडलेल्या माणसाने आधी संकटाचा प्रकार ठरवायचा आणि मग क्रमांक आठवायचा, ही यातली अडचण. एकच क्रमांक असावा ही कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये १९३५ साली विंपोल स्ट्रीटवरील आगीत पाच महिलांचा मृत्यू झाला. शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन लावला होता, पण तो टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगेत अडकला. त्यानंतर १९३७ मध्ये तेथे ९९९ हा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ वरचा पहिला फोन १९६८ मध्ये अलाबामातील हेलीव्हिल या गावात झाला. युरोपीय देशांनी १९९१ मध्ये ११२ हा समान क्रमांक ठरवला.

भारतात दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर निर्भया निधी उभा राहिला आणि त्यातून ११२ ची योजना राबवली गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशात तिची सुरुवात झाली. महाराष्ट्रात ती २०२१ मध्ये आली. राज्याचे मुख्य संपर्क केंद्र नवी मुंबईत, तर पर्यायी केंद्र नागपुरात आहे.

कामाची पद्धत ढोबळमानाने अशी. केंद्रातील कर्मचारी फोन घेतो आणि माहिती संगणकावर भरतो. त्या घटनेला क्रमांक मिळतो. माहिती संबंधित पोलीस आयुक्तालयाच्या किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते. तेथील कर्मचाऱ्यासमोरच्या नकाशावर जीपीएस बसवलेल्या गाड्या दिसतात. त्यांतली योग्य गाडी निवडून तिच्यातल्या पडद्यावर, म्हणजे मोबाइल डेटा टर्मिनलवर, पत्ता व तपशील पाठवला जातो. पूर्वी हेच काम बिनतारी संदेशावर तोंडी चाले. संदेश ऐकण्यात चूक व्हायची, खरखरीत अर्धा पत्ता हरवायचा, आणि कोणती गाडी नेमकी कुठे आहे हे विचारावे लागायचे. आता कोणत्या क्षणी फोन आला, गाडी कधी निघाली, कधी पोहोचली याची नोंद राहते. त्यामुळे उशीर कुठे झाला, तेही शोधता येते.

रांगेचे गणित

मुंबईतल्या माणसाचा फोन नवी मुंबईत कशाला घ्यायचा, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर डेन्मार्कमधील ए. के. अर्लांग या गणितज्ञाने शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना त्याने फोनच्या रांगांचे गणित मांडले.

समजा, एका फोनला सरासरी तीन मिनिटे लागतात आणि फोन घेणारी व्यक्ती एकच आहे. ती ८० टक्के वेळ कामात असेल, तर या गणिताप्रमाणे प्रत्येक फोनला सरासरी १२ मिनिटे थांबावे लागेल. आता अशा दहा व्यक्तींची एकच सामाईक रांग केली आणि त्या प्रत्येकीवर तेवढाच भार ठेवला, तर सरासरी प्रतीक्षा सुमारे ३७ सेकंदांवर येते. फोन एकत्र घेण्याचा फायदा हा.

याच गणितात एक इशाराही दडलेला आहे. दहा जणांवरचा भार ८० वरून ९० टक्क्यांवर गेला, तर प्रतीक्षा ३७ सेकंदांवरून थेट दोन मिनिटांवर जाते. भार थोडासाच वाढतो, थांबणे तिपटीहून जास्त. थट्टेचे, रिकामे, ‘लागतो का ते पाहू’ म्हणून केलेले फोन हा जास्तीचा भार टाकतात. खोटी माहिती देऊन पोलिसांना कामाला लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ नुसार गुन्हा आहे. पण कायद्याचा धाक बाजूला ठेवला, तरी असा प्रत्येक फोन कुणाच्या तरी खऱ्या फोनच्या पुढे उभा राहतो, हे रांगेचे गणित सांगते.

फोनला तुमचा पत्ता कळतो का?

‘फोन केला की पोलिसांना आपण कुठे आहोत ते कळतेच,’ असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा. मोबाइल मनोऱ्याला फोनपासूनचे अंतर संदेशाला लागणाऱ्या वेळावरून मोजता येते. जुन्या टूजी व्यवस्थेत हे मोजमाप साधारण ५५० मीटरच्या टप्प्यांत होई, फोरजीमध्ये ते सुमारे ७८ मीटरच्या टप्प्यांत होते. दिशा मात्र ढोबळच कळते, कारण मनोऱ्यावरील एक अँटेना सहसा १२० अंशांचा भाग सांभाळते. मनोऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवरच्या फोनसाठी हिशेब केला, तर ७८ मीटर रुंद आणि किलोमीटरभर लांब असा कमानीसारखा पट्टा मिळतो. त्याचे क्षेत्रफळ होते सुमारे २० एकर. मरोळ किंवा आंबोलीसारख्या दाट वस्तीत २० एकरांत किती घरे असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

फोनमधले जीपीएस यापेक्षा पुष्कळ अचूक असते. उघड्यावर ते काही मीटरपर्यंत ठिकाण सांगते. पण सुमारे २० हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून येणारे हे संदेश क्षीण असतात. उंच इमारतींवर आपटून ते वळतात, सिमेंटच्या स्लॅबखाली विरतात. लोखंडवालाच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर कुणी संकटात असेल, तर नकाशावर इमारतीचा ठिपका दिसेल. मजला दिसेलच असे नाही. तो सांगावा लागतो.

नकाशावर जवळ, रस्त्याने लांब

गाडी निवडतानाही असाच फसवा भाग येतो. अंधेरीची रेल्वेमार्गाने दोन भागांत विभागणी केली आहे. पूर्वेला अंधेरी, सहार, एमआयडीसी, साकीनाका ही पोलीस ठाणी; पश्चिमेला डी. एन. नगर, आंबोली, ओशिवरा, वर्सोवा. नकाशावर सरळ रेषेत ५०० मीटरवर असलेली गाडी रुळांच्या पलीकडे असेल, तर ती सर्वांत जवळची नसते. अंधेरीकरांनी हे अनुभवले आहे. गोपाळ कृष्ण गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली आणि तो पूर्ण सुरू व्हायला मे २०२५ उजाडला. पूर्व-पश्चिम वाहतुकीचा ताण या काळात इतर मार्गांवर पडला. त्यात जोरदार पाऊस झाला की अंधेरी सबवेत पाणी साचते आणि तो बंद करावा लागतो.

म्हणून चांगली व्यवस्था अंतर मोजत नाही, रस्त्याने लागणारा वेळ मोजते. जाळ्यातला सर्वांत कमी वेळाचा मार्ग शोधण्याची रीत डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि आजचे मार्गदर्शक नकाशे त्याच विचारावर उभे आहेत. पण बंद पूल, तुंबलेला सबवे, संध्याकाळचा एस. व्ही. रोड ही माहिती त्या गणितात वेळेवर भरली गेली, तरच उत्तर बरोबर येते. तिथे स्थानिक पोलिसाचे ज्ञान आजही उपयोगी पडते. अरुंद गल्लीत जिथे व्हॅन शिरत नाही, तिथे दुचाकीवरचा बीट मार्शल आधी पोहोचतो. याच कारणासाठी ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत १०८ सेवेच्या दुचाकी रुग्णवाहिका सुरू झाल्या.

उशीर कुणाचा?

पोलीस लवकर पोहोचल्याने फरक पडतो का, यावर संशोधकांत दीर्घकाळ मतभेद होते. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासाने वेगळाच मुद्दा पुढे आणला. अनेक प्रकरणांत गाडीच्या प्रवासाआधी नागरिकांनी फोन करायलाच बराच वेळ लावला होता. लोक आधी नातेवाइकाला किंवा मित्राला फोन करतात, विचार करतात, मग पोलिसांना कळवतात. दुसरीकडे, इंग्लंडमधील मँचेस्टर पोलिसांच्या नोंदींवरचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते की, पोहोचण्याचा वेळ १० टक्क्यांनी वाढला तर गुन्हा उघडकीस येण्याचे प्रमाण ४.७ टक्के-अंकांनी घटते. साक्षीदार निघून जाण्याआधी पोलीस पोहोचले, तर संशयिताचे नाव मिळण्याची शक्यता अधिक असते. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले, तर सरळ अर्थ निघतो: गाडीचा वेग महत्त्वाचा आहे, पण घड्याळ सुरू होते ते घटनेच्या क्षणी, फोनच्या क्षणी नव्हे.

आपल्याकडे फोन टाळण्याचे मोठे कारण म्हणजे ‘पोलिसांचे लचांड मागे लागेल’ ही भीती. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये संरक्षण दिले. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले. मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

फोन घेणाऱ्यांचाही विचार व्हायला हवा. दिवसभर दुसऱ्यांच्या किंकाळ्या ऐकायच्या आणि पुढे काय झाले ते अनेकदा कळायचेच नाही, असे हे काम आहे. अशा कर्मचाऱ्यांत आघातानंतरच्या ताणाची लक्षणे आढळतात, असे अमेरिकेतील अभ्यासांत दिसले आहे. थकलेला कान पत्ता चुकीचा ऐकतो. त्यामुळे पाळ्या, विश्रांती आणि समुपदेशन हाही या यंत्रणेचा भाग मानायला हवा.

फोन लागल्यावर काय सांगावे

आधी ठिकाण सांगावे, मग घटना. फोन मध्येच तुटला, तरी पत्ता पोहोचलेला असतो. पूर्व की पश्चिम, रस्ता, इमारत, मजला आणि जवळची ठळक खूण: देऊळ, शाळा, मेट्रो स्थानक, बसथांबा. त्यानंतर काय घडले, किती जण जखमी आहेत, शस्त्र किंवा आग आहे का. कुणी बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर फोन स्पीकरवर ठेवून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. जमल्यास एकाने खाली फाटकाशी उभे राहून गाडीला हात दाखवावा. पलीकडचा कर्मचारी सांगेपर्यंत फोन ठेवू नये, आणि त्याच क्रमांकावरून परत फोन आला तर तो उचलावा.

चुकून ११२ लागलाच, तर घाबरून फोन कापू नये. ‘चुकून लागला’ एवढे सांगावे. तीन सेकंदांचे ते वाक्य रांगेतल्या पुढच्या माणसाची मिनिटे वाचवते.