ईदचा जोडा, कोशाचा धागा

रमजानचा दुसरा अशरा, म्हणजे मधले दहा दिवस सुरू झाले की रोजेदारांच्या घरात बोलण्याचा विषय बदलतो. सहेरीला काय आणि इफ्तारला काय, हे आता ठरून गेलेले असते. मग निघतो ईदच्या जोड्याचा विषय. मुलांचे कुर्ते, मुलींचे सलवार-सूट, अब्बांसाठी पांढरी टोपी, नानीसाठी मऊ सुती ओढणी. शिंपी विसाव्या रोजानंतर नवे कापड हातात घेत नाही, हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून घाई.

लाखनीसारख्या तालुक्याच्या गावात ही घाई रस्त्यावरही दिसते. भंडारा आणि साकोली यांच्या मध्ये, नागपूर-रायपूर महामार्गावरचे हे गाव. ट्रकांतून माल येतो, दुकानांत गठ्ठे सुटतात आणि सुरतेच्या छापील कापडांनी कपाटे भरतात. रंग झगझगीत, भाव परवडणारा, नक्षी दरवर्षी नवी. त्यात वाईट काही नाही. चार मुलांच्या घरात ईद साजरी करायची तर हिशेब पाहावाच लागतो. पण ज्या जिल्ह्यात हे कापड विकले जाते, त्या जिल्ह्याचे स्वतःचे कापड काय, हे विचारले तर पोरे गोंधळतात. भंडाऱ्याची पितळेची भांडी सांगतील, तांदूळ सांगतील, तलाव सांगतील. कोसा क्वचितच कुणाच्या तोंडी येईल.

कोसा म्हणजे टसर रेशीम. तुतीच्या रेशमासारखा हा किडा घरात, सुपात वाढत नाही. तो ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर उघड्यावर वाढतो. पूर्व विदर्भात हे काम मुख्यतः ढिवर समाजाने सांभाळले. तलावात मासेमारी आणि जंगलात कोसा, असे त्यांचे दुहेरी पोट. महिना-दीड महिना झाडाखाली राखण करायची, पाखरे हाकायची, मुंग्या अडवायच्या, एका झाडाचा पाला संपला की किडे दुसऱ्या झाडावर हलवायचे. एक अवेळी पाऊस आणि सगळे पीक हातचे गेले. एवढे करून हाती येतो तो टणक, बदामी, लहान अंड्याएवढा कोश.

या धाग्याची लुगडी मोहाडी आणि आंधळगावच्या मागांवर विणली गेली. करवत काठी हे त्यातले नावाजलेले कापड. अंग कोशाचे, काठ सुती, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे करवतीच्या दात्यांसारखी टोकदार नक्षी. ही नक्षी वरून भरलेली किंवा छापलेली नसते. तीन धोटे वापरून काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा प्रत्येक ओळीत एकमेकांत अडकवावे लागतात. म्हणून काठ एका रंगाचा आणि अंग दुसऱ्या रंगाचे, दोन्ही अगदी स्वच्छ राहतात. या कापडाला आता भौगोलिक मानांकन आहे. मानांकनाने नाव वाचते. माग वाचतो की नाही, हे मागणीवर ठरते.

मागावर बसलेला विणकर सर्वांना दिसतो, छायाचित्रही त्याचेच निघते. त्याच्या आधीचे काम घरातल्या बायांचे असते आणि ते दिसत नाही. कोश सोड्याच्या पाण्यात उकळायचे, नरम झाले की चार-सहा कोशांचे तंतू एकत्र धरून धागा ओढायचा, पीळ द्यायचा, गुंडाळायचा, कांडी भरायची. देशातल्या अनेक टसर भागांत हा पीळ बाई स्वतःच्या उघड्या मांडीवर देत आली. तेल, राख किंवा पाणी लावून दिवसभर त्याच जागी धागा घासायचा. कातडी सोलवटते, काळी पडते. केंद्रीय रेशीम मंडळाने ही पद्धत बंद व्हावी म्हणून ‘बुनियाद’ नावाचे यंत्र आणले आणि मार्च २०२० पर्यंत मांडीवरची कताई संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले. तेव्हा सरकारनेच दिलेला हिशेब असा होता की मांडीवर धागा काढणारी बाई दिवसाला सुमारे १२५ रुपये कमावते आणि यंत्रावर तिला ३५० रुपयांपर्यंत मिळू शकतात. हजारो रुपयांच्या रेशमी साडीचा पहिला धागा १२५ रुपये रोजाने निघत होता, हे वाक्य दोनदा वाचावे असे आहे.

२०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार मोजले गेले आणि त्यांतल्या दर १०० पैकी साधारण ७२ स्त्रिया निघाल्या. त्याच गणनेत जवळपास दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे महिन्याचे उत्पन्न ५ हजार रुपयांपेक्षा कमी असल्याचे दिसले.

कापडाचा आणि मुस्लिम समाजाचा संबंध नुसता ईदच्या खरेदीपुरता नाही. कामठी, नागपूरचा मोमिनपुरा, मालेगाव, भिवंडी या वस्त्या विणकरांच्या. मोमिन, अन्सारी ही नावेच मागाशी बांधलेली. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतून अनेक विणकर कुटुंबे दक्षिणेकडे आली, त्यांतली कितीतरी महाराष्ट्रात स्थिरावली आणि इथल्या मातीची झाली. तिकडे मराठवाड्यात, पूर्वीच्या औरंगाबादेत, हिमरू विणले गेले. सुती ताण्यावर रेशमी बाण्याची वेलबुट्टी. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेला हलवली, तेव्हा कारागीरही आले आणि त्यांच्याबरोबर ही कला आली, असे सांगतात.

हिमरूचा भाऊ म्हणजे मशरू, आणि त्याची गोष्ट गमतीची आहे. इस्लाममध्ये पुरुषांना शुद्ध रेशीम वापरण्याची मनाई आहे. स्त्रियांना मुभा आहे. मग शौकीन सरदारांनी काय करावे? विणकराने तोड काढली. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, आणि वीण अशी की रेशीम वर झळकते आणि अंगाला फक्त सूत लागते. शरीअतने मुभा दिलेले, म्हणून मशरू. नियम मोडला नाही आणि हौसही राहिली. मागावर बसणारा माणूस निव्वळ मजूर नव्हता, डोके चालवणाराही होता, हे या एका कापडावरून कळते. शुद्ध रेशमाचे ठाण विणणारा मोमिन स्वतः मात्र आयुष्यभर सुतीच नेसला, हा भाग वेगळा.

माग प्रत्येकाच्या घरात बसत नाही. त्याला जागा लागते, खड्डा लागतो, शिकायला वर्षे लागतात. ठशांची छपाई मात्र एका पडवीत होते. छपाई हे महाराष्ट्रात भावसार, रंगारी यांचे आणि कच्छात मुस्लिम खत्रींचे परंपरागत काम. पण लाखनीच्या एखाद्या घरात एखाद्या बाजीला दुपट्टे छापायचे असतील, तर लागणारा निम्मा कच्चा माल तिच्या जंगलातच आहे.

चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. अलीकडच्या काही वर्षांत तो पळस फुलण्याच्या दिवसांत आला. भंडाऱ्याच्या वाटा तेव्हा केशरी असतात. पळसाची फुले उकळली की पिवळा-केशरी रंग सुटतो, तुरटीने तो कापडावर बसतो. मात्र खरे सांगायचे तर पळसाचा रंग उन्हात उडतो. तो रोजच्या वापराला नव्हे, हौसेला ठीक. पक्का रंग हवा तर हिरडा घ्यावा. कोरे सुती कापड आधी सोडा घालून चांगले उकळावे, नाही तर कांजी राहते आणि रंग डाग-डाग धरतो. मग ते हिरड्याच्या भुकटीच्या पाण्यात बुडवून न पिळता उन्हात वाळवावे. कापड फिकट पिवळे दिसू लागते. दुसरीकडे मडक्यात गंजलेले लोखंड, गूळ आणि पाणी घालून दोन-तीन आठवडे ठेवले की आंबट वासाचे काळसर पाणी तयार होते. ते चिंचोक्याच्या खळीत घट्ट करून ठसा मारला की हिरडा आणि लोह एकमेकांना भेटतात आणि काळा रंग डोळ्यांदेखत चढतो. तुरटीच्या खळीने छापले आणि नंतर लाखेच्या किंवा मंजिष्ठेच्या रंगात उकळले, तर तेवढ्याच जागी लाल धरतो. पाण्यात लोह जास्त असेल तर हाच लाल काळपटतो. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडका गावच्या पाण्यात लोह वाढले आणि अजरख छापणाऱ्या कितीतरी खत्री कुटुंबांनी गाव सोडून अजरखपूर वसवले, ते याच कारणाने.

रोजात हे काम करणारीने वेळ निवडावी. दुपारी उन्हाने खळ तबकातच आटते आणि ठसा अर्धवट उमटतो. फज्रच्या नमाजनंतरचे दोन-तीन तास सर्वांत चांगले. घरात शांतता असते आणि हवेत थोडी ओल असते. टेबलावर जुन्या चादरींच्या चार-पाच घड्या अंथराव्यात, वर सुती कापड ताणावे. सागाचा नवा ठसा आधी तेलात मुरवावा.

आता हिशेब. अडीच मीटर लांब आणि एक मीटर रुंद दुपट्टा, ठसा साडेबारा सेंटिमीटरचा. लांबीत २० ठसे, रुंदीत ८. एका रंगाला १६० वेळा हात उचलायचा. तीन रंग असतील तर ४८०. प्रत्येक वेळी आधीच्या ठशाच्या कडेला बरोबर भिडवायचे, मुठीने ठोका द्यायचा आणि न घसरता उचलायचे. ४७९ वा ठसा घसरला तर सगळा दुपट्टा घरी वापरायला.

आणि किंमत विचारली की ही बाई काय सांगते? कापडाचे इतके, रंगाचे इतके, सरपणाचे इतके, वर थोडे. स्वतःचा वेळ ती धरतच नाही. ‘घरीच तर बसून करते,’ हे तीही म्हणते आणि घेणाराही म्हणतो. घरी बसून केलेल्या कामाला मजुरी नसते, असे कुणी ठरवले कोण जाणे. शेजारची काकू, ओळखीची खाला, सगळ्या ‘आपलीच आहे’ म्हणून घासाघीस करतात आणि महामार्गावरच्या दुकानात मात्र छापील चिठ्ठीवरचा भाव निमूट देतात. बाकी पैसे ‘ईदनंतर देऊ’ हेही ठरलेले. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबरांची शिकवण रमजानच्या प्रत्येक बयानात ऐकू येते. ती वीटभट्टीच्या मजुराला लागू आहे तशी शिलाई, क्रोशाची टोपी, जुजदान आणि छापील दुपट्टा करणाऱ्या बाईलाही आहे.

जकातीचेही असेच. साठलेल्या संपत्तीचा अडीच टक्के हिस्सा गरजूंचा, आणि बहुतेक लोक तो रमजानमध्येच काढतात. त्यातून कपडे वाटण्याची चाल जुनी आहे. बाजारात ‘जकातची साडी’ असा एक वेगळाच माल असतो. घाऊक, पातळ, दोन धुण्यांत विरणारा. देणाऱ्याची यादी पूर्ण होते, घेणारीच्या अंगावर तो कपडा बकरी ईदपर्यंतही टिकत नाही. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. एक माणूस मदत मागायला आला. पैगंबरांनी त्याला घरात काय आहे ते विचारले. अंथरायला-पांघरायला एक जाड कापड आणि पाण्याचा एक वाडगा, एवढेच होते. दोन्ही मागवून लिलावात दोन दिरहमला विकले. एका दिरहमचे अन्न, दुसऱ्याची कुऱ्हाड, आणि पंधरा दिवस लाकडे तोडून विकायला सांगितले. तो परत आला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते.

आजच्या लाखनीत ती कुऱ्हाड म्हणजे शिलाई यंत्र असू शकते, ठशांचा एक संच असू शकतो किंवा कोशाचा धागा काढायचे यंत्र. जकात घेणाऱ्याच्या मालकीची करून द्यावी लागते, आणि यंत्र तसे देता येते. वीस साड्यांच्या पैशांत एका घराचे हत्यार येते. पण हत्यार दिल्यावर तिने केलेला माल विकत घेणे हे दान नव्हे, तो सरळ व्यापार आहे आणि त्यात पुरा भाव द्यायचा असतो. या दोन गोष्टींची गल्लत आपल्याकडे फार होते. गरीब बाईकडून काही घेतले की घेणाऱ्याला सवाबही हवा असतो आणि सूटही.

हाताचे म्हणून यंत्राचे गळ्यात मारणारेही आहेत, त्यामुळे घेणाऱ्याने पारख शिकावी. हाताच्या छपाईत दोन ठशांच्या सांध्यावर कुठेतरी केसभर फरक राहतो, रंग कुठे गडद कुठे फिका असतो. अंतर सगळीकडे मोजून सारखे असेल तर ते यंत्राचे. करवत काठी पाहताना काठ आणि अंग जोडणारे दाते उलट बाजूनेही तितकेच स्पष्ट आहेत का, ते बघावे. कोशाचा धागा म्हणून दिलेला एक तंतू जाळला तर केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. नायलॉन-पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. रेशमावर सिल्क मार्क आणि हातमागावर हॅण्डलूम मार्क असतो, तोही मागून पाहावा.

या ईदसाठी आता उशीर झाला आहे. हिरड्यात बुडवलेले कापड वाळायला, लोखंडाचे मडके आंबायला आणि हाताला सवय व्हायला वेळ लागतो. बकरी ईद साधारण सत्तर दिवसांनी येते. तेवढ्यात एका घरात दहा-बारा दुपट्टे सहज होतात. मागणी आत्ताच नोंदवावी आणि कापड-रंगाचे पैसे आगाऊ द्यावेत, कारण मडक्यात लोखंड घालायच्या आधी गूळ विकत आणावा लागतो.