इंजिन ओढत नाही? हेड खोलण्याआधी एवढे बघा



गव्हाची पेरणी होऊन वीस दिवस झालेले असतात, मुकुटमुळे फुटायला लागलेली असतात, आणि नेमके त्याच वेळी नदीवरचे डिझेल इंजिन दम टाकते. हॅण्डल मारले की सुरू होते, पण पंपाचा लोड आला की आवाज जड होतो, धूर सुटतो आणि पाटात पाणी निम्मेच पडते. गव्हाला हे पहिले पाणी पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मिळायला हवे. ते हुकले तर फुटवे कमी येतात आणि ती तूट पुढच्या पाण्याने पुरती भरून निघत नाही. म्हणून इंजिनचे दुखणे लवकर ओळखता आले पाहिजे, आणि ओळखताना पैसाही वाया जाता कामा नये.

एका इंजिनची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी रब्बीतच एका गावी गेलो होतो. एक वयस्क शेतकरी वाटेतच भेटले. म्हणाले, "साहेब, इंजिन म्हातारं झालं. मिस्त्री म्हणतो रिंगा गेल्या, पिस्टन-लायनर बदलावं लागंल. येत्या बाजारी गोऱ्हा विकायचा म्हणतोय."

मी म्हटले, "काका, बाजार परवा आहे. आज एकदा बघू तर द्या."

इंजिन सुरू केले. लोडवर काळाकुट्ट धूर निघत होता. मला आधी डिझेलचाच संशय आला. काचेच्या बाटलीत धरून पाहिले, तर डिझेल स्वच्छ. मग इंजिन बंद करून एअर क्लीनरची वाटी सोडवली. तळाशी दोन बोटे चिखल! महिन्यापूर्वी याच इंजिनवर सोयाबीनची मळणी झाली होती. भुसा आणि धूळ सगळी क्लीनरने गिळली, आणि त्यानंतर तो कोणी उघडलाच नव्हता. जाळी रॉकेलने धुतली, वाळवली, वाटीत नवे तेल खुणेपर्यंत भरले. अर्ध्या तासाचे काम. इंजिनने लोड घेतला, धूर विरला, आणि गोऱ्हा गोठ्यातच राहिला.

इंजिनला ताकद कशाने येते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारते आणि तो पेटतो. म्हणजे ताकदीला तीन गोष्टी लागतात: पुरेशी हवा, पुरेसे डिझेल आणि पुरेसा दाब. चौथी गोष्ट बाहेरची, ती म्हणजे इंजिनवर टाकलेले ओझे.

हवेला आपण फुकटची समजतो, म्हणून विसरतो. पण एक लिटर डिझेल पुरते जळायला कमीत कमी १० हजार लिटर हवा लागते. ५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण लोडवर तासाला साधारण एक लिटर डिझेल जाळते. म्हणजे २०० लिटरची पन्नास पिंपे भरतील एवढी हवा दर तासाला त्या एवढ्याशा क्लीनरमधून जाते. तो तुंबला तर इंजिनचा श्वासच कोंडतो, नाही का?

आधी ठरवा: दोष इंजिनचा की पंपाचा?

पाणी कमी पडते म्हणजे इंजिनच बिघडले असे नाही. इंजिन नेहमीच्या वेगाने, मोकळ्या आवाजात चालत असेल आणि तरी पाणी कमी असेल, तर पंपाकडे बघा. फूट व्हॉल्व्हच्या जाळीत पाला अडकला असेल, सक्शन पाइप किंवा ग्लॅण्ड हवा घेत असेल, पट्टा घसरत असेल. नदीची पातळी खाली गेली असेल तर पंप पाण्यापासून ६-७ मीटरपेक्षा उंच राहिला नाही ना, हेही मोजा.

मात्र इंजिनचा वेगच पडत असेल, तर इंजिन बंद करा, पट्टा उतरवा आणि मोकळे चालवून बघा. मोकळे असतानाही ते अडखळत असेल तर दोष इंजिनातच आहे. मोकळे छान पळते पण लोडवर बसते, असे असेल तर हवा, डिझेल आणि ओझे या तिन्हींची तपासणी करा.

ओझ्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. जास्त पाण्याच्या आशेने काही जण इंजिनची पुली मोठी बसवतात. पंपाचा वेग १० टक्के वाढला, तर पाणी साधारण १० टक्केच वाढते, पण ताकद मात्र ३३ टक्के जास्त लागते. असे इंजिन आजारी नसते, त्याच्यावर बोजा जास्त झालेला असतो.

धूर काय सांगतो?

काळा धूर: हवेच्या मानाने डिझेल जास्त. एअर क्लीनर तुंबलेला, नोझल फवारा न मारता थेंब गाळते, किंवा बोजा जास्त.

निळसर धूर: इंजिन ऑइल जळते. आधी ऑइल खुणेच्या वर भरले नाही ना, हे बघा. पातळी बरोबर असून रोजचा धूर निळा आणि ऑइल वरचेवर घालावे लागत असेल, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत.

पांढरा धूर: थंडीत सुरू करताना थोडा वेळ चालेल. इंजिन तापल्यावरही राहिला, तर डिझेलमध्ये पाणी, कमी दाब किंवा फवाऱ्याची वेळ चुकलेली.

धूर नाही आणि दमही नाही: डिझेलच कमी पोहोचते. इथे हेड खोलण्याचा काही एक उपयोग नाही.

डिझेलची वाट तपासा

टाकीपासून सुरुवात करा. झाकणाला बारीक भोक असते, ते मातीने बुजले की टाकीतून डिझेल उतरत नाही. इंजिन अर्धा तास बरे चालते आणि मग मान टाकते. झाकण सैल केल्यावर पुन्हा दम धरू लागले, तर दोष तिथेच सापडला.

मग टाकीच्या तळाचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन दहा मिनिटे स्थिर ठेवा. पाणी असेल तर खाली बसेल. फिल्टर जुना झाला असेल तर बदला. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा बसवू नका.

फिल्टर उघडला की वाटेत हवा शिरते. ती काढायला आधी फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की आवळा. नंतर फ्युएल पंपावरचा स्क्रू तसाच करा. नोझल सुरू असताना फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नका. तो फवारा कातडी फोडून आत शिरतो, आणि जखम दिसायला लहान असली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो.

शेवटी दाब

इथवर सगळे ठीक निघाले, तरच दाबाकडे वळा. डिझेल बंद करा, डिकॉम्प्रेशन लिव्हर न उचलता हॅण्डल सावकाश फिरवा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हॅण्डल उलटले तर इजा टळते. चांगले इंजिन एका जागी हाताला जोरदार अडवते. सहज फिरले तर दाब गळतो. कान लावा: फुसफुस एअर क्लीनरमध्ये ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, क्रँककेसच्या ब्रीदरमध्ये आली तर रिंगा.

व्हॉल्व्ह गळत असेल तर आधी टॅपेटचे अंतर पुस्तिकेप्रमाणे तपासून घ्या. अंतरच उरले नसेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, दाब गळतो आणि व्हॉल्व्ह जळतो. निळा धूर आहे, ब्रीदरमधून भपकारा येतो आणि हॅण्डल ढिले लागते, या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या, तर मात्र मिस्त्री म्हणतो ते खरे. मग दुरुस्ती पुढे ढकलू नका.

लक्षात ठेवा

१. धुळीच्या दिवसांत आणि मळणीनंतर एअर क्लीनर रोज उघडून बघा. क्लीनरशिवाय इंजिन चालवू नका. धूळ आत गेली की लायनर घासला जातो, आणि मग खरोखरच गोऱ्हा विकायची पाळी येते.

२. डिझेल गाळून भरा, भांडे झाकून ठेवा.

३. इंजिन विहिरीत उतरवून किंवा बंद खोलीत चालवू नका. त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

४. पट्ट्याजवळ जाताना धोतर, पदर, मफलर आवरून घ्या. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

५. मिस्त्रीला बोलावल्यावर धुराचा रंग, दोष कधीपासून आहे आणि तुम्ही काय तपासले, हे आधी सांगा. जुना काढलेला भाग डोळ्यांनी बघा.

थोडक्यात, आधी हवा, मग डिझेल, मग ओझे आणि सर्वांत शेवटी दाब. स्वस्तातले आधी, महागाचे मागून. ट्रॅक्टरच्या इंजिनालाही हाच क्रम लागू पडतो. हे पत्रक इंजिनच्या खोपीत खिळ्याला अडकवून ठेवा. पाण्याची पाळी आली की ते शोधत बसायला वेळ नसतो, बरं का!