ओव्यावर किती विसंबायचं?

सुट्टीहून दोह्याला परतणाऱ्या मराठी कुटुंबाच्या बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि ओव्याची पुडी बहुधा असतेच. ओवा तिथल्या भारतीय किराणा दुकानांतही सहज मिळतो, पण घरची पुडी ती घरची. तिच्याबरोबर येणाऱ्या काही समजुती मात्र तपासून घ्यायला हव्यात.

‘ओवा खाल्ला की गॅस जातो’ हे अर्धं खरं आहे. ओव्याच्या सालीत सुगंधी तेलाच्या बारीक नळ्या असतात. तळहातावर ओवा चोळला की त्या फुटतात आणि तो झणझणीत वास सुटतो. हा वास मुख्यतः थायमॉलचा. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा थायमॉल काढण्यासाठी जर्मनीला जात असे. थायमॉल पाण्यात जेमतेम विरघळतं, तेलात मात्र चांगलं. म्हणूनच चकलीच्या पिठात ओव्यावर कडकडीत मोहन घातलं की स्वाद सगळ्या पिठात उतरतो. आतड्याचे आवळलेले स्नायू ओव्यानं सैल पडतात असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे. तरी जड जेवणानंतर चिमूटभर ओवा आणि काळं मीठ चावून बरं वाटत असेल, तर खुशाल खा.

प्रत्येक कळ गॅसची नसते, हे मात्र विसरू नका. छातीत किंवा बेंबीच्या वर दाबल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, डावा हात किंवा जबडा भरून आलाय, अशा वेळी ओवा चघळत ‘गॅस झालाय’ म्हणून पडून राहणं जिवावर बेततं. दक्षिण आशियाई माणसांना हृदयविकार तुलनेनं कमी वयात गाठतो. कतारमध्ये घरापासून दूर, एका खोलीत चारपाच जण राहणारे आपले कितीतरी लोक ‘उद्या ड्यूटी आहे’ म्हणून दुखणं अंगावर काढतात. त्यांना कळकळीनं सांगावंसं वाटतं : 999 फिरवा, रुग्णवाहिका येते. ओवा नंतर खाता येईल.

दुसरी समजूत बाळंतिणीच्या खोलीतली. बाळाला ओवा-शेपाची धुरी दिली की सर्दी होत नाही, असं आजी सांगते. गावच्या घरात कौलांतून, खिडक्यांतून धूर निघून जायचा. दोह्याच्या फ्लॅटमध्ये एसीसाठी खिडक्या घट्ट बंद असतात आणि शेगडीऐवजी बखूर, म्हणजे अरबी धूप, जाळायच्या मबखऱ्यात निखारे फुलवले जातात. धूर बाळाच्या श्वासनलिकेला त्रास देतो. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. तो आई आणि बाळ दोघांचाही घात करू शकतो. धुरी नकोच. पहिले सहा महिने बाळाला ओव्याचं पाणीही नको, आईचं दूध पुरे. बाळंतिणीनं जेवणानंतर थोडा ओवा, बाळंतशेपा, तीळ, खोबरं खायला हरकत नाही.

‘ओवा उष्ण, कतारच्या उन्हाळ्यात वर्ज्य’ असंही ऐकू येतं. पुरीत पडणाऱ्या पाव चमच्यानं काही बिघडत नाही. उन्हात खरा घात करतं ते शरीरातलं पाणी कमी होणं. 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी 3:30 उघड्यावरच्या कामाला तिथं बंदी असते ती उगाच नाही. जुलाब लागले तर ओव्याच्या काढ्यावर भागवू नका, ओआरएस घ्या.

बाल्कनीतल्या कुंडीत वाढतं ते जाड, लवदार पानांचं झाड म्हणजे ओव्याचं रोप, हाही गैरसमज. वास जुळतो, पण ते तुळशीच्या कुळातलं. ओवा जिऱ्या-धण्याच्या कुळातला. त्या पानांची भजी मात्र जरूर करा. खुरासानी ओवा ही तिसरीच वनस्पती, धोतऱ्याच्या कुळातली आणि विषारी. पाकिटावर ‘खुरासानी’ लिहिलेलं दिसलं तर ते स्वयंपाकासाठी घेऊ नका.