घट्ट बसलेला, तरी निघणारा गालिचा

वाशिम जिल्ह्यात विमानतळ नाही. जवळची धावपट्टी अकोल्याच्या शिवणीची, आणि शिकाऊ पायलटांचं लहान विमान पाहायचं तर समृद्धी महामार्गाने कारंज्याहून थेट नागपूर गाठता येतं. तिथल्या नागपूर फ्लाइंग क्लबच्या ताफ्यात सेस्ना १५२ जातीची विमानं आहेत. अमेरिकेच्या सेस्ना कंपनीने हे दोन आसनी विमान १९७७ ते १९८५ या काळात बनवलं, मग उत्पादन थांबवलं. त्यामुळे जगात आज उडणारं प्रत्येक १५२ चाळिशीचं तरी आहेच.

एवढ्या वयाच्या विमानाचं इंजिन पूर्ण उघडून नवं केलेलं असतं, पंखाचे सांधे तपासलेले असतात, रंगही कदाचित दुसऱ्यांदा चढलेला असतो. केबिनच्या तळाशी अंथरलेल्या गालिच्याकडे मात्र सगळ्यात शेवटी लक्ष जातं. दोन्ही आसनांखाली, पेडलांजवळ आणि मागच्या सामानाच्या जागेत मिळून तो जेमतेम दोन-तीन चौरस मीटर भरतो. घरात एवढा तुकडा बसवायला कारागिराला दुपार पुरते. विमानात त्याच कामाला दोन-तीन दिवस जाऊ शकतात. तो घट्ट बसला पाहिजे, आणि हवा तेव्हा सहज निघालाही पाहिजे. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत, आणि या कामातली सगळी कारागिरी त्यांचा मेळ घालण्यात आहे.

घट्ट का हवा, ते पायलटच्या पायांकडे पाहिलं की समजतं. सेस्ना १५२ची केबिन रुंदीला सुमारे एक मीटर. दोघे जण खांद्याला खांदा लावून बसतात आणि दोघांच्याही पायांपुढे पेडलांची जोडी असते. पायलट टाचा जमिनीवर टेकवतो. पेडल पुढे दाबलं की शेपटीचं रडर वळतं, आणि चवड्याने त्याचा वरचा भाग दाबला की चाकाचा ब्रेक लागतो. म्हणजे विमान उतरताना टाच ज्या गालिच्यावर टेकलेली असते, तो सरकला तर पायाचा आधारच सरकतो. रोजच्या घासण्याने नेमकी हीच जागा आधी झिजते. कडा उसवते, वर वळते आणि पेडलाखाली जाऊन बसते. पेडल तिथे अडलं तर आडव्या वाऱ्यात विमान धावपट्टीवर सरळ ठेवणं अवघड होतं. म्हणून चांगले कारागीर टाचेखाली जाड रबराचा किंवा विनाइलचा वेगळा तुकडा शिवून घेतात आणि गालिच्याची पुढची कड पेडलांच्या अलीकडेच संपवतात. डोळ्यांना ती थोडी अपुरी वाटते. तशीच ठेवावी.

दुसरी नाजूक जागा आसनांच्या रुळांची. सेस्नाची आसनं जमिनीला पक्क्या केलेल्या धातूच्या रुळांवर पुढे-मागे सरकतात. रुळांना ठरावीक अंतरावर भोकं असतात, त्यांत आसनाची पिन बसली की आसन जागच्या जागी अडकतं. भोकं झिजली किंवा पिन अर्धवटच बसली, तर विमान जमीन सोडताना आसन मागे घसरू शकतं. अशा वेळी माणूस आधारासाठी हातात असलेलं कंट्रोल व्हील ओढतो. नाक वर जातं आणि पाय पेडलांपासून दूर गेलेले असतात. अशा अपघातांनंतर अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेने १९८७ मध्ये सेस्नाच्या अनेक मॉडेलांसाठी रुळांच्या तपासणीचा सक्तीचा आदेश काढला. त्यात १५२ आहे. गालिचा रुळाला घासून कापला, त्याचे धागे सुटून भोकात शिरले किंवा जाडीमुळे पिन खोलवर गेली नाही, तर तपासून ठीक ठरलेला रूळही दगा देतो. त्यामुळे रुळांच्या दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी पट्टी सोडायची आणि कापलेल्या कडेला गोट लावून ती शिवून टाकायची. गोट न लावलेला गालिचा विमानात घालणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

आता दुसरी बाजू. गालिच्याखालच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याखाली नियंत्रणाच्या तारा आणि त्या ज्यांवरून फिरतात त्या कप्प्या असतात. त्या पाहण्यासाठी पत्र्यात झाकणं ठेवलेली असतात. प्रशिक्षणाच्या विमानाची दर १०० तासांनी तपासणी होते आणि वर्षाची मोठी तपासणी वेगळी असते. दर वेळी गालिचा उचलावा लागतो. तो सबंध तळाला चिकटवून टाकला असेल तर मेकॅनिकपुढे दोन मार्ग उरतात: फाडणं किंवा न उचलणं. दुसरा मार्ग जास्त धोक्याचा, कारण तो कुणाला दिसत नाही.

चिकटवलेल्या गालिच्याचं आणखी एक दुखणं म्हणजे पाणी. जुन्या विमानांत दारांची रबरं कडक होतात, समोरच्या काचेच्या कडेने पाऊस आत झिरपतो. विदर्भात जून ते सप्टेंबर विमान उघड्यावर उभं राहिलं तर गालिच्याखालचा स्पंज ओला होतो आणि आठवडेच्या आठवडे ओला राहतो. वर हात फिरवला तर कोरडं लागतं. खाली ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरू लागते, म्हणजे धातू खाल्ला जात असतो. जुनं विमान विकत घेणारा जाणकार रंग पाहण्याआधी गालिच्याचं टोक उचलतो, ते याचसाठी. नवा गालिचा घालताना जाड स्पंज टाळणं, तळ स्वच्छ करून गंजरोधक प्रायमर लावणं आणि तो पूर्ण वाळू देणं, हे बसवण्याच्या कामाइतकंच महत्त्वाचं आहे.

मग अडकवायचा कशाने? सगळ्यात चालणारा उपाय वेल्क्रोचा. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल या इंजिनिअरला कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं पाहून ही युक्ती सुचली, आणि आज ती शाळेच्या दप्तरापासून विमानाच्या केबिनपर्यंत सगळीकडे आहे. पट्टीची आकड्यांची बाजू तळाला चिकटवतात, मऊ बाजू गालिच्याला शिवतात. गालिच्याला ती नुसती चिकटवली तर उचलताना पट्टीच निघून येते, म्हणून शिलाई हवीच. चिकट पाठीची स्वस्त पट्टी मात्र वाशिम-अकोल्याच्या उन्हात टिकत नाही. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बंद विमानाच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. गोंद मऊ होतो, पट्टी सरकते आणि त्यावर धूळ बसून पकड जाते. उष्णता सोसणारा गोंद वेगळा लावावा लागतो.

टिचबटणं दिसायला नीट आणि पकडीला पक्की. पण त्यांचा खालचा भाग बसवायला पत्र्याला भोक पाडावं लागतं, आणि तिथे हात थांबला पाहिजे. त्या पत्र्यामागे इंधनाची नळी असू शकते, तार असू शकते. शिवाय पत्रा स्वतः विमानाच्या सांगाड्याचा भार वाहणारा भाग असू शकतो. मंजुरीशिवाय त्यात एकही नवं भोक चालत नाही. बटणाचा धातू वेगळा असेल तर ओलाव्यात दोन धातूंच्या सांध्यावर गंज लवकर धरतो. त्यापेक्षा आधीच असलेल्या स्क्रूंचा उपयोग करणं शहाणपणाचं. दाराच्या उंबऱ्यावर धातूची पट्टी असते. गालिच्याची कड तिच्याखाली दाबून तेच स्क्रू परत लावले की पाय ठेवण्याच्या जागेचा प्रश्न सुटतो. मात्र स्क्रू मूळ लांबीचाच हवा.

सेस्नाचा तळ धातूचा, पण सगळ्या जुन्या विमानांचा तसा नसतो. याचं जवळचं उदाहरण एका मराठी माणसाच्या नावावर आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू गावचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकले आणि १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये रुजू झाले. १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान त्यांनी घडवलं. त्यानंतर फ्लाइंग क्लबांसाठी त्यांच्या देखरेखीखाली पुष्पक तयार झालं. २८ सप्टेंबर १९५८ला ते पहिल्यांदा उडालं, आणि पुढे अशी सुमारे दीडशे विमानं बनली. इंजिन ९० अश्वशक्तीचं, सांगाडा पोलादी नळ्यांचा, त्यावर ताणून बसवलेलं कापड. अशा बांधणीच्या विमानांत तळाला बहुधा प्लायवूडच्या फळ्या असतात. गालिचा फळीलाच बांधून फळीसकट उचलता येतो, त्यामुळे अडकवण्याचं काम सोपं होतं. ओलावा मात्र इथे लाकूड कुजवतो, आणि फळीखालच्या पोलादी नळीला गंज चढतो. पुष्पकसारखं विमान पुन्हा उभं करणाऱ्याने फळीच्या खालच्या बाजूलाही वॉर्निश लावावं.

कापडाच्या निवडीत आग हा सगळ्यात मोठा मुद्दा. मोठ्या प्रवासी विमानांसाठी चाचणी अशी असते: गालिच्याचा तुकडा उभा टांगून त्याच्या खालच्या कडेला १२ सेकंद ज्योत लावायची. ज्योत काढल्यावर तो सरासरी १५ सेकंदांत आपोआप विझला पाहिजे आणि जळालेला भाग ८ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटरपेक्षा, वाढता कामा नये. सेस्ना १५२सारख्या विमानांना त्यांच्या काळातले सौम्य नियम लागू होतात, तरी बरेच कारागीर कडक चाचणीत उतरलेलंच कापड घेतात. ते योग्यच आहे. बंद केबिनमध्ये धूर झाला तर पायलटकडे थोडीच मिनिटं असतात.

वऱ्हाडातल्या वाचकाच्या मनात इथे अकोटच्या सतरंजीचा विचार येईल. आपला प्रदेश कापसाचा, आणि सुती विणकाम मजबूत व हलकं. पण हवेत प्राणवायू २१ टक्के असतो आणि सुताला पेटत राहायला १८ टक्क्यांच्या आसपास पुरतो. लोकरीला सुमारे २५ टक्के लागतो, म्हणून साध्या हवेत ती काळवंडते आणि बहुतेकदा विझते. नायलॉन वितळतं, त्याचे थेंब कातडीला चिकटतात. त्यामुळे विमानात लोकर किंवा आगरोधक प्रक्रिया केलेला धागा वापरतात. सतरंजी घालायचीच तर तिच्यावर तशी प्रक्रिया हवी आणि तयार तुकड्याचा चाचणी अहवाल हातात हवा.

वजनाचाही हिशेब आहे. सेस्ना १५२चं कमाल उड्डाण-वजन ७५७ किलो. विमान स्वतः ५२० किलोच्या आसपास, टाक्या भरल्या तर इंधन सुमारे ७० किलो, दोन धडधाकट माणसं १६० किलो. उरले सात किलो. दोन-तीन किलोंचा जड गालिचा त्यातला मोठा वाटा खातो, आणि मागच्या सामानाच्या जागेत तो जास्त जाड झाला तर विमानाचा तोलही मागे झुकतो. म्हणून जुना गालिचा फेकण्याआधी वजन करून ठेवतात, नव्याचंही करतात आणि फरक विमानाच्या कागदांत नोंदवतात.

शिवणकाम वाशिमच्या पाटणी चौकातला सीटकव्हर शिवणारा कारागीरही उत्तम करू शकेल. जुना गालिचा उलगडून खाकी कागदावर त्याचे साचे काढायचे, रुळांच्या आणि दोन आसनांमधल्या इंधनाच्या झडपेच्या जागा नेमक्या कापायच्या, गोट लावायचा, हे हाताचं कौशल्य आहे. पण विमानात तो बसवल्यावर जबाबदारीची सही विमान देखभालीचा परवाना असलेल्या इंजिनिअरची लागते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेल्या मुला-मुलींना डीजीसीए या भारताच्या विमान-नियामक संस्थेच्या या परवान्याचा मार्ग खुला आहे. वाशिमच्या शाळांमध्ये पायलट होण्याइतकीच त्याचीही चर्चा व्हायला हवी.

सही करण्याआधी तो इंजिनिअर स्वतः आसनावर बसतो. दोन्ही पेडलं शेवटापर्यंत दाबतो, ब्रेक दाबतो. आसन एकेका भोकात अडकवून जोराने मागे ढकलून पाहतो. इंधनाची झडप पूर्ण उघडतो, पूर्ण बंद करतो. मग बाहेर येऊन गालिचा सगळा काढतो, झाकणं उघडतात का ते बघतो, आणि पुन्हा बसवतो.